आधी खोली, मग स्विच

जामखेड, खर्डा, नान्नज, जवळा या पट्ट्यात शाळा, पतसंस्था, दवाखाने आणि केबलवाले यांचं नेटवर्क सांभाळताना एक गोष्ट मनात पक्की बसली. ‘स्विच गेला’ म्हणून जे डबे काढून कोपऱ्यात टाकले जातात, त्यांतल्या बऱ्याच डब्यांत मुळात काही बिघडलेलं नसतं. बिघाड मागच्या बोर्डात, वरच्या पत्र्यात नाहीतर खालच्या जमिनीत असतो. तो तसाच ठेवून नवा स्विच बसवला की पुढच्या मे महिन्यात तोही त्याच वाटेनं जातो. व्हीलॅन आणि राउटिंग शिकवणारे पुष्कळ आहेत. मी इथं ऊन आणि वीज एवढ्यापुरतंच लिहितोय.

१. आधी वेळ विचारा.

फोन आला की मॉडेल कुठलं, पोर्ट किती, हे नंतर. पहिला प्रश्न, “किती वाजता बंद पडतं?” दुपारी दोन ते पाच रखडतं आणि रात्री आपोआप सुरळीत होतं, असं उत्तर आलं तर संशय उष्णतेवर. लाईट जाताना काही होत नाही पण आल्यावर नेट जातं म्हणाले, तर व्होल्टेजवर. दिवेलागणीला बंद पडत असेल तर कॅमेऱ्यांवर; त्याचं पुढे सांगतो. कशाचाच मेळ बसत नसेल तर सैल प्लग किंवा उंदरानं कुरतडलेली वायर. लोकांना मॉडेल नंबर सांगता येत नाही, वेळ मात्र बरोबर सांगता येते. “दुपारची शाळा सुटती त्या टायमाला” एवढंही मला पुरतं.

२. मग शेजारच्या डब्यांना विचारा.

एकाच रॅकमध्ये राउटर, स्विच, डीव्हीआर असतात. तिघंही एकाच क्षणी पुन्हा सुरू झाले असतील तर दोष विजेचा. एकटा स्विचच पडला असेल तर त्याचा स्वतःचा पॉवर सप्लाय, त्याचा प्लग किंवा तो स्वतः. मॅनेज्ड स्विचला हे थेट विचारता येतं. सिस्कोवर ‘शो व्हर्जन’ दिलं की शेवटचा रीस्टार्ट कशामुळे झाला ते एका ओळीत दिसतं. तिथं ‘पॉवर-ऑन’ लिहिलेलं असेल तर सॉफ्टवेअरला दोष देत बसू नका, वीजच तुटलेली होती.

बऱ्याच सिस्को स्विचमध्ये घड्याळ जिवंत ठेवणारी बॅटरी नसते. वीज गेली की त्यांचं घड्याळ १ मार्च १९९३ला परत जातं. अधूनमधून लॉग बघताना दर वेळी शेवटची ओळही ‘मार्च १’च्याच आसपासची दिसली तर समजा, हा डबा दर काही दिवसांनी विझून पेटतोय. पण खरी वेळ नसल्यानं त्याचा महावितरणच्या फॉल्टशी मेळ लावता येत नाही. म्हणून एनटीपी लावाच. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम सर्व्हर सगळ्यांना खुला आहे, आणि सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत घड्याळं याच प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय. तालुक्याच्या शाळेत त्याची तपासणी करायला कुणी येणार नाही, पण उपयोग तुमचाच आहे. लॉगही स्विचमध्ये न ठेवता दुसऱ्या संगणकावर पाठवा. स्विचमधला लॉग वीज गेली की पुसला जातो.

३. खोक्यावरचे ४० अंश खोलीचे असतात, गावाचे नव्हे.

स्वस्त, बिनपंख्याच्या स्विचच्या खोक्यावर ०° ते ४०° लिहिलेलं असतं. जरा बऱ्या स्विचवर ४५ किंवा ५०. हा आकडा डब्याला लागून असलेल्या हवेचा. गावात चाळीस अंश असतील तर पत्र्याच्या खोलीत, छताजवळ, काचेचं दार लावलेल्या भिंतीवरच्या रॅकमध्ये किती असतील? हात घालून बघा. आणि आपल्याकडे रॅक नेमका छताजवळच लावतात, पोरांचा हात पोचू नये म्हणून. खोलीतली सगळ्यात गरम हवा तिथंच साठते. रॅक चार-पाच फूट खाली घेणं हा फुकटातला इलाज आहे.

१९ जुलै २०२२ला इंग्लंडात कोनिंग्सबी इथं ४०.३ अंशांची नोंद झाली. त्याच दिवशी लंडनमधल्या गूगल आणि ओरॅकलच्या डेटा सेंटरांची शीतयंत्रणा कोलमडली आणि सेवा बंद पडल्या. एवढं ऊन जामखेडला एप्रिलमध्येच सुरू होतं. आपल्याकडे उपकरणं तरीही चालतात, याचं कारण ती काटक असतात असं नाही. ती लवकर म्हातारी होतात, आणि ते कुणी मोजत नाही.

मोजायचंच तर मोजू. स्विचच्या पॉवर सप्लायमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळ्यात आधी थकतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना २००० तास असा कपॅसिटर ५५ अंशांवर चालला तर ६४,००० तास, म्हणजे सात वर्षांच्या वर. तोच ६५ अंशांवर ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षं आणि वर थोडं. रॅक खाली घेतल्यानं काय होतं, असं विचारणाऱ्याला मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवतो.

एकावर एक रचणं हा दुसरा रोग. बिनपंख्याचा स्विच अंगाच्या पत्र्यातूनच उष्णता सोडतो. त्याच्यावर राउटर, राउटरवर ओएनयू, ओएनयूवर अडॅप्टर अशी चळत लावली की खालचा शिजतो. मध्ये चार बोटं जागा ठेवा.

चौंडीला ३१ मेला अहिल्यादेवींची जयंती असते, ऐन उन्हाळ्यात. अशा कार्यक्रमांत मांडवाच्या खांबाला बंद पेटीत स्विच टांगतात. उन्हातली बंद पेटी बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज जास्त तापते. तिथं एकतर पेटी सावलीच्या बाजूला बांधा, नाहीतर उणे ४० ते ७५ अंशांवर चालणारा औद्योगिक स्विच वापरा. तो कित्येक पट महाग पडतो. सावली फुकट असते.

४. तापमानाचा आकडा त्याच स्विचच्या कालच्या आकड्याशी ताडून बघा.

‘शो एनव्हायर्नमेंट ऑल’ दिल्यावर ५५ अंश दिसले की नवीन पोरं घाबरतात. तो आकडा आतल्या बोर्डाचा असतो. खोलीपेक्षा वीसेक अंश जास्त असणं साहजिक आहे. पिवळी आणि लाल मर्यादा तो स्विच स्वतःच सांगतो, ती बघा. पण त्याहून उपयोगाचं म्हणजे जानेवारीच्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी तोच आकडा टिपून ठेवणं. खोली तेवढीच गरम असताना आतला आकडा आठ-दहा अंशांनी चढला, तर पंखा मंदावलाय किंवा जाळी तुंबलीय. लिब्रेएनएमएससारखी मोफत प्रणाली जुन्या संगणकावर बसवली तर आलेख आपोआप काढते.

साध्या स्विचला असला आकडाच नसतो. तिथं रॅकमध्ये एक स्वस्तातलं डिजिटल थर्मामीटर चिकटवून ठेवावं. इन्फ्रारेड गन वापरत असाल तर एक सांगतो. चकचकीत पत्र्यावर ती भलताच कमी आकडा दाखवते. पत्र्याला काळी इन्शुलेशन टेप चिकटवा, थोडा वेळ जाऊ द्या आणि टेपवर नेम धरा.

५. एसी माणसांसाठी लावलेला असतो.

एका पतसंस्थेत दर सोमवारी सकाळी नेट अडखळायचं. शनिवारी संध्याकाळी सगळं ठणठणीत, सोमवारी काउंटरसमोर रांग आणि साहेबांचा फोन. आधीच्या माणसानं स्विच बदलला होता, मग केबल बदलली होती. मॅनेजर म्हणाले, “अहो, एसीत ठेवलाय की तो, अजून काय पाहिजे त्याला?”

एसी शनिवारी शटरबरोबर बंद व्हायचा. शटर, खिडक्या बंद, वर स्लॅब, आत यूपीएस, डीव्हीआर आणि स्विच दोन रात्री नि एक अख्खा रविवार चालूच. आत ठेवलेल्या थर्मामीटरनं रविवारी दुपारी गाठलेला कमाल आकडा दाखवला तेव्हा वाद संपला. सोमवारी एसी सुरू झाला तरी रॅकच्या काचेआड ती उष्णता दुपारपर्यंत कोंडून राहायची. उपाय फार खर्चाचा निघाला नाही. काचेचं दार काढून जाळीचं लावलं, आणि झरोक्यात छोटा एक्झॉस्ट टायमरवर बसवला. तेव्हापासून कुठल्याही कार्यालयात मी सुट्टीच्या दिवसाचं तापमान विचारतो. बहुतेक ठिकाणी सुट्टीच्या दिवशी आत कुणी गेलेलंच नसतं.

६. पंखा फिरतोय म्हणजे हवा वाहतेय असं नाही.

रॅकच्या वरचा पंखा उलटा बसवलेला मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय. तो बाहेरची धूळ आत ओढतो आणि वर जाऊ पाहणारी गरम हवा खाली दाबतो. कागदाचा कपटा धरला की लगेच कळतं.

धुळीचेही प्रकार आहेत. रस्त्याकडेच्या दुकानात मातीची, आडत दुकानात धान्याच्या भुश्श्याची आणि पिठाच्या गिरणीशेजारी पिठाची. पिठाची सगळ्यात वाईट. पावसाळ्याची दमट हवा लागली की तिची कणीक होते आणि ब्लोअरनं निघत नाही. शिवाय पाली ऊब शोधत आत शिरतात, कुंभारीण माशी रिकाम्या एसएफपी पोर्टात मातीचं घर बांधते. स्विचच्या एसएफपी पोर्टांना येणाऱ्या रबरी टोप्या फेकू नका.

७. अडॅप्टर रिकामा मोजू नका.

“मीटरवर बारा व्होल्ट दाखवतोय, अडॅप्टर ओके आहे.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. थकलेला अडॅप्टर भार नसताना बाराच दाखवतो. स्विच जोडून सगळी पोर्ट चालू झाली की तो दहा-नऊवर घसरतो आणि स्विच दर पाच मिनिटांनी पुन्हा सुरू होतो. मोजायचं ते स्विच चालू असताना. आणि बदलताना व्होल्ट तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, पिनची ध्रुवता तीच, एवढं बघा. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालला, असं होत नाही.

८. लो व्होल्टेजला भिऊ नका, जास्तीच्या व्होल्टेजला भ्या.

आपल्याकडे सगळे स्टॅबिलायझर विकले जातात ते कमी व्होल्टेजच्या भीतीनं. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेल्या पॉवर सप्लायला १७० व्होल्टनं काही होत नाही. घात होतो तो वरच्या बाजूनं. मध्यरात्रीनंतर गावठाणाच्या डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, भार उतरतो आणि व्होल्टेज चढतं; दुपारी मोजलेल्या २१५वर भरवसा ठेवता येत नाही. किमान-कमाल नोंदवणारं मीटर रात्रभर लावून ठेवा.

दुसरा घात लाईट आल्या क्षणी. शेतकऱ्यांनी मोटारींना ऑटोस्विच लावून ठेवलेले असतात. वीज आली की फीडरवरच्या सगळ्या मोटारी एकदम उचलतात, आणि मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट घेते. व्होल्टेज खाली आदळतं, कुठं डीओ फ्यूज उडतो, पुन्हा येतं. या हिसक्यात स्विच तीनदा विझतो आणि तीनदा पेटतो. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगतंय. शेतकऱ्याचंही खरं आहे. रात्री-अपरात्री लाईट येणार असेल तर तो बांधावर किती वेळा चकरा मारणार? वीजपुरवठा सुधारेपर्यंत आपण आपल्या रॅकला हाय-लो कटऑफ आणि तीन मिनिटांचा डिले लावावा. लाईट स्थिर होईपर्यंत रॅक इन्व्हर्टरवरच राहू द्या.

इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं छोटं बटण असतं. ते बहुतेक ठिकाणी ‘नॉर्मल’वर सापडतं. त्या मोडमध्ये बॅटरीवर यायला जो वेळ लागतो तो पंख्याला कळत नाही, स्विचला कळतो. पूर्ण भार असेल तर पॉवर सप्लाय विजेविना साधारण १० ते २० मिलिसेकंद तग धरतो. बटण ‘यूपीएस’वर करा. मग इन्व्हर्टर जरा कमी व्होल्टेज दिसलं तरी बॅटरीवर येईल, म्हणजे बॅटरी लवकर झिजेल. हा सौदा मला मान्य आहे.

९. अर्थिंग उन्हाळ्यात मोजा.

हा मुद्दा मी लांबवणार आहे, कारण आपल्या भागात जळालेल्या पोर्टांचं मूळ इथंच सापडतं.

मीटर घ्या आणि सॉकेटमध्ये तीन आकडे बघा: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिले दोन जवळजवळ सारखे आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. तिसरा आकडा दहा-वीस-तीस निघाला तर स्विचला हात न लावता वायरमनला बोलवा. फेज ते अर्थ काहीच येत नसेल तर अर्थ नाहीच. जुन्या घरांत अर्थची वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची. नळयोजनेत पाइप पीव्हीसीचे झाले आणि अर्थ गेला. वायर मात्र अजून तिथंच बांधलेली असते.

अर्थ नसला की रॅकच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधल्या छोट्या कपॅसिटरांमुळे पत्र्यावर सुमारे निम्मं व्होल्टेज चढतं. “थोडी मुंगी येती, तेवढंच” म्हणून लोक चालवून घेतात. तेच व्होल्टेज दुसरी केबल जोडताना पोर्टमधून वाट काढतं.

जामखेडची जमीन बालाघाटच्या कुशीतली, बरीचशी मुरमाड, आणि पाऊस बेताचा. जूनमध्ये उत्तम निघालेला अर्थिंगचा खड्डा एप्रिलमध्ये कोरडाठाक पडतो आणि त्याचा रोध चढत जातो. नेमक्या त्याच दिवसांत वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी घालत राहायला हवं, पण प्यायला टँकर असताना कोण घालणार? हात धुवायच्या बेसिनचं किंवा आरओचं वाया जाणारं पाणी नळीनं खड्ड्यात सोडलेलं मी दोन-तीन शाळांत पाहिलंय, झकास चालतं. नवा खड्डा घेत असाल तर ओल धरून ठेवणारी बेंटोनाइटची भर घाला.

डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर काही घरांतले बल्ब मंद होतात आणि काहींत लखलखतात. लखलखणाऱ्या घरात तीनशेच्या वर व्होल्ट असू शकतात. तिथं विचार करत उभं राहायचं नाही, मेन पाडायचा.

आणि एका इमारतीतून दुसरीत तांब्याची लॅन केबल टाकू नका. दोन इमारतींचे अर्थ वेगळे, त्यांच्यातला फरक ती केबल भरून काढते, आणि विजेच्या कडकडाटात दोन्ही टोकांचे पोर्ट एकदम जातात. फायबर टाका. काचेतून करंट जात नाही.

१०. दिवेलागणीला कॅमेरे पडले तर बेरीज करा.

आठ पोर्टचा पीओई स्विच, आठ कॅमेरे, दिवसभर उत्तम. अंधार पडला की दोन-तीन कॅमेरे गायब, कधी आख्खा स्विचच रीस्टार्ट. मालकाला वाटतं कॅमेरे रात्रीचे नाहीत. खरं असं की अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात. दिवसा पाच वॅट घेणारा कॅमेरा रात्री नऊ घेतो. आठ पंचे चाळीस, आठ नव्वे बहात्तर, आणि स्विचचं एकूण बजेट ६० वॅट. प्रत्येक पोर्टला १५.४ वॅट लिहिलंय म्हणून आठही पोर्टना एकदम तेवढे मिळतात असं नाही. २००३च्या ८०२.३एएफ मानकात हा आकडा पोर्टचा आहे. केबलमधली घट धरून कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ पोचतात. २००९च्या एटीमध्ये हेच ३० आणि २५.५ झाले.

त्यातही केबल ‘कॉपर’ म्हणून घेतलेली आणि आत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असेल तर रोध सुमारे दीडपट. ब्लेडनं तार खरवडा. पांढरी निघाली तर पीओईला ती वापरू नका, दुकानदार काहीही म्हणो.

११. दोन पॉवर सप्लाय एकाच बोर्डात खोचू नका.

महागाचा स्विच, दोन पॉवर सप्लाय, दोन्हींच्या वायरी एकाच एक्स्टेन्शनमध्ये. एक यूपीएसवर, दुसरा कटऑफमधून मेनवर ठेवा, आणि महिन्यातून एकदा एकेक उपसून बघा. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा शहराला ग्रिडपासून वेगळं काढून वाचवणारी जुनी आयलँडिंग व्यवस्था होती. त्या दिवशी ती कामाला आली नाही. मुंबईची ती गत, तर आपण न उपसलेल्या प्लगवर विश्वास का ठेवावा?

१२. पॉवर सप्लाय उघडू नका.

प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी राहू शकतो. फुगलेला कपॅसिटर बाहेरून जाळीतून टॉर्च मारून दिसतो का बघा, दिसला तर पूर्ण सप्लाय बदला. ज्याला सोल्डरिंगचा हात आहे त्यानंच पुढे जावं.

१३. रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवा.

त्यावर तारीख, तिन्ही व्होल्टेज, दुपारचं तापमान, बॅटरीत पाणी कधी घातलं, एवढंच. इथून नगर पाऊणशे किलोमीटर. तिथून येणारा इंजिनिअर तो कागद वाचून अर्ध्या वेळात काम उरकतो. व्होल्टेजनं जळालेला स्विच सहसा वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे खर्च शेवटी संस्थेच्याच अंगावर येतो. म्हणून मुख्याध्यापक, सरपंच आणि पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांना एक विनंती: नव्या स्विचच्या कोटेशनवर सही करण्याआधी मागवणाऱ्याला अर्थिंगचा आणि रविवारच्या दुपारच्या तापमानाचा आकडा विचारा. तो देता आला नाही, तर सही थांबवा.